उंचीचा अंदाज यावा म्हणून

१४ नोव्हेंबर १९९४, सोमवार. पारोळा

ही वही खताच्या कंपनीने वाटलेली. वर्ष संपत आलं तरी कोरी होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं. धुळ्याच्या सोहनलाल शेठनी बोलावून घेतलं. कापडाचे मोठे व्यापारी, पण वाचनाचा नाद. त्यांच्या मंडळातर्फे धुळे-जळगावातल्या जुन्या जागांची मार्गदर्शिका निघणार आहे. नुसती माहिती नाही. प्रवाशाने फोटो काढायचा तर नेमकं कुठे उभं राहावं, किती वाजता, उजेड कुठून येतो, हे सांगणारी. "गिरधरभाऊ, लोक किल्ल्यावर जातात आणि चहाच्या टपरीसमोर फोटो काढून परत येतात," म्हणाले. "तुम्ही जागा शोधा. रोज टिपण ठेवा."

म्हणून ही वही. टिपणाबरोबर बाकीचंही लिहीन म्हणतो. घरी सांगण्यात अर्थ नाही. ही आपली "हं" म्हणते आणि भाकरी थापत बसते.

बाकीचं म्हणजे असं. दुकान मेलेलं आहे. 'गिरधर फोटो स्टुडिओ' ही पाटी मी बावीस वर्षांपूर्वी स्वतः रंगवली, लग्न झालं त्याच वर्षी. तेव्हा तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्या हातून गेली. आता लोक जळगावहून रंगीत फोटोवाला आणतात, बरोबर व्हिडिओवाला. माझ्याकडे येतात ते दोनच प्रकारचे. नोकरीच्या अर्जाला चिकटवायला तीन प्रती मागणारे, आणि घरातलं माणूस गेल्यावर जुन्या ग्रुपमधला त्याचा चेहरा मोठा करून मागणारे. दुसरे जास्त. त्यांना मी सांगतो, फोटोत चेहरा निदान मुगाच्या दाण्याएवढा हवा. त्याहून लहान असेल तर देव आला तरी मोठा करू शकत नाही.

सत्तेचाळीस वर्षांचा झालो. मूलबाळ नाही, दुकानाला वारस नाही. हे काम जमलं नाही तर पाटी उतरवायची, एवढं ठरवून टाकलं आहे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुरुवात पारोळ्याच्याच किल्ल्यापासून. घरापासून पाच मिनिटांवर, आणि बावीस वर्षांत मी तिथे एकही फोटो काढलेला नाही. हातगाड्या, पोत्यांचे ढीग, वाळत घातलेल्या गोधड्या. सगळं टाळून एक जागा सापडली.

जागा: खंदकाच्या पलीकडे, बुरुजाला तिरपं. वेळ: सकाळी साडेसात. उजेड: डावीकडून.

प्रिंट बरे आले. पण नुसते बरे, जास्त काही नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

शेठनी प्रिंट हातात घेतले, उलटेपालटे केले आणि खाली ठेवले. मला तिथेच कळलं. मग म्हणाले, "दगड किती मोठा आहे ते समजत नाही, गिरधरभाऊ. हा बुरूज आहे की पाण्याची टाकी? शेजारी माणूस पाहिजे." त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो होतो, पारोळा मागे गेला तरी लक्षात आलं नाही. पुढच्या थांब्यावरून चालत आलो.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

येणाऱ्याजाणाऱ्याला उभं करून पाहिलं. एकजात सगळे कॅमेऱ्याकडे बघून दात काढतात. एकाने तर पागोटं सोडून पुन्हा बांधलं, तोवर ऊन वर आलं. वर, "मालेबी एक कापी द्या हां!"

शेवटी हिला घेऊन गेलो. हिचा एक गुण आहे, सांगितलं तिथे खांबासारखी उभी राहते. खंदकाजवळ जाऊन विचारते, "आते तोंड कोनीकडे करू?"

"भिंतीकडे," मी म्हणालो. तोंड कॅमेऱ्याकडे असलं की बघणारा तोंडच बघतो, भिंत बघत नाही. हे मी पूर्वीपासून मानत आलो आहे.

"बरं शे," म्हणाली. "मना तोंडमा काय दखानं शे?" आणि पाठ करून उभी राहिली. बुरूज एकदम केवढा वाटायला लागला! मी कॅमेऱ्याच्या काचेत बघतच राहिलो. हिची उंची पाच फूट धरली, त्यावरून बुरुजाची काढली. मोजली नाही, पण फोटोवाल्याची नजर असते.

माझ्या याशिका कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बारा फोटो निघतात. अकरा झाल्यावर ही पदर सारखा करत म्हणाली, "एक मनाबी काढा ना. आते उनीच शे तर." लग्नात हिचा फोटो नव्हता, खेड्यात कोण काढणार? नंतर मी जगाचे काढत राहिलो. हिच्या भावाच्या लग्नातल्या एका ग्रुपमध्ये आहे, तिथेही पदर नाकापर्यंत. म्हटलं, बारावा तुझा. पण तेवढ्यात ढग सरला आणि बुरुजावर असं काही ऊन आलं की हात आपोआप तिकडे वळला.

"मंग पुढला टाइमले," म्हणाली. रागावली नाही. रागावत नाहीच.

चेहरा अलीकडे भरल्यासारखा दिसतो. अन्न अंगी लागत असावं.

२ डिसेंबर, शुक्रवार. थाळनेर

पहाटेच्या एसटीने धुळे, तिथून शिरपूर, तिथून थाळनेर. तापीचा काठ, जुन्या राजांच्या कबरी, एकीवर कोरीव काम असं की बोट फिरवावं. दिवसभर दोनच जागा मिळाल्या.

जागा: अष्टकोनी कबरीच्या मागे, नदीकडे पाठ करून. वेळ: दुपारी चारनंतर. उजेड: उजवीकडून, तिरपा. उंची: पाच माणूस.

हिने आज वैताग आणला. सकाळी चपलेत पाय जाईना, म्हणून अनवाणी आली. काठावरून कबरींपर्यंत जायला तीनदा बसली. "पाय भरी उनात हो," म्हणते. मी म्हटलं, घरात बसून बसून जड झालीस. उजेड काय आपल्यासाठी थांबणार आहे? मग उठली आणि कमानीत जाऊन उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून. मी दोनदा जागा बदलली, कॅमेऱ्याचं स्टँड लावलं, काढलं, ती तशीच. मी "झालं" म्हणेपर्यंत हलत नाही.

बारावा घ्यायचा होता, पण एसटीची वेळ झाली.

परतताना फोटोखालच्या ओळी मनात जुळवत होतो. 'कमानीत उभी असलेली स्त्री उंचीचा अंदाज यावा म्हणून.' चांगलं वाक्य आहे. प्रत्येक फोटोखाली हेच घालता येईल.

९ डिसेंबर, शुक्रवार

आज डोकं फिरलं. मतदारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायला कुठल्या तरी कंत्राटदाराची माणसं शाळेत येऊन बसली आहेत. सगळ्या गावाचे चेहरे! आणि गावातल्या फोटोवाल्याला कुणी साधं विचारलंही नाही. शाळेपाशी जाऊन उभा राहिलो. एक पोरगेला इसम माणसाला खुर्चीवर बसवतो, खोकं रोखतो, दाबतो, की पुढचा. ना उजेड बघतो, ना मान सरळ करतो.

घरी आलो तर ही जांभळ्या काठाचं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून बसलेली. शेजारची भिकुबाई न्यायला आलेली. "फोटो काढाले चालनूत आम्ही," म्हणते.

मी म्हटलं, "गिरधर फोटोवाल्याची बायको त्या खोक्यासमोर बसणार? भुतासारखी दिसशील. गाव हसेल मला. मी काढीन तुझा, नीट, पडदा लावून. मग तो दे त्यांना."

भिकुबाई म्हणाली, "भाऊ, पन तठे त्यास्नाच चालस ना."

"नको जाऊस," मी म्हणालो. ही उठली. आत गेली आणि लुगडं बदलून आली. मग चूल पेटवली.

मी दुकानात जाऊन बसलो तो संध्याकाळपर्यंत तसाच. कुणी आलं नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार

शेठना थाळनेरचे फोटो फार आवडले. आज पहिल्यांदा "वा" म्हणाले. मग भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "ह्या बाई कोण?"

"घरच्याच."

"उभ्या फार छान राहतात. सांगा त्यांना."

सांगायचं राहून गेलं. उद्या सांगीन.

२३ डिसेंबर, शुक्रवार. बलसाणे

जुनी देवळं, शेताच्या कडेला. अजून कुणाला माहीत नाहीत. शिखरापाशी ऊन आलं तेव्हा मला खरोखर भरून आलं. वाटलं, आपणही काहीतरी मागे ठेवून जाऊ. मग लगेच वाटलं, काय ठेवणार? दोन जिल्ह्यांतले चारशे लोक चाळतील आणि वाण्याकडे पुड्या बांधायला जाईल. दिवसभर हे असंच वरखाली चाललं होतं.

जागा: देवळाच्या आग्नेयेला, बांधावर. वेळ: सकाळी नऊ. उंची: साडेचार माणूस.

ही परतीच्या एसटीत बसल्या बसल्या झोपली. घरीही हल्ली भिंतीला टेकूनच झोपते. विचारलं तर म्हणाली, "आडं पडनं की छातीवर धोंडा ठेवल्यासारखा वाटस." वात असणार. ओवा दिला.

बारावा फोटो मी आज खरंच तिच्यासाठी ठेवला होता. पण तिला खोकल्याची उबळ आली, डोळे लाल झाले. असा कसा काढायचा? म्हणून देवळाच्या दगडी हत्तीचा काढला.

५ जानेवारी १९९५, गुरुवार

भिकुबाईने मला न विचारता हिला गावातल्या डॉक्टरकडे नेलं. मी गेलो तेव्हा डॉक्टर नळी लावून ऐकत होते. मला बाजूला घेतलं. म्हणाले, हृदयाचं दिसतंय, जुनं असावं. पायाची सूज त्यामुळेच. चिठ्ठी देतो, धुळ्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर चढ, जिना, काही नको.

मी घरी येऊन वात आणि ओवा आठवत बसलो. लाज वाटली. अशी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

पण लिहितोच आहे तर खरं लिहितो. त्याच वेळी डोक्यात दुसरंही चाललं होतं. एकच जागा राहिली आहे, लळिंगचा किल्ला. शेठना तो फोटो संक्रांतीच्या आत हवा, कारण मग छापखाना निवडणुकीच्या कामाला जुंपला जाणार. लळिंग धुळ्याच्या पलीकडेच. म्हणजे एका खेपेत दोन्ही कामं होतील. आदल्या संध्याकाळी लळिंग, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर. हिचा भाऊ उखर्डू धुळ्यालाच राहतो, मुक्काम त्याच्याकडे.

आधी डॉक्टर आणि मग लळिंग, असंही करता आलं असतं. पण डॉक्टर म्हणाले असते, ठेवून घेतो. मग फोटो राहिला असता.

१० जानेवारी, मंगळवार. धुळे

उखर्डूच्या घरी बसून लिहितोय. हात दुखतोय, स्टँड वाहून.

पायथ्याला मी हिला म्हटलं, तू इथे देवळाच्या सावलीत बस. वर कुणी भेटलं तर त्याला उभं करीन. मी हे मनापासून म्हटलं का, ते मला सांगता येणार नाही. किल्ल्यावर कोण असतं? तिने वर किल्ल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बठ्ठा फोटोमा मी शे. येकमाच नही, हाई बरं दिखस का?" आणि कमरेला पदर खोचला.

तासाभराची चढण, आम्हांला अडीच तास लागले. दहा पावलं चालायची आणि बसायचं. मी सूर्याकडे बघत होतो. एकदा ओरडलोही, "चल ना गं, ऊन चाललं!" एका गुराख्याने तिला काठी दिली. वर पोचलो तेव्हा तिचे ओठ काळपट दिसत होते, पण ऊन तसंच असतं त्या वेळी, सगळ्यालाच रंग चढवतं.

वरच्या पडक्या दरवाज्यात उभी राहिली. भिंतीकडे तोंड करून. अकरा फोटो काढले. बावीस वर्षांत काढलेल्या सगळ्या फोटोंत हे अकरा चांगले आहेत, हे रोल न धुताच मला माहीत आहे.

जागा: दरवाज्यासमोरच्या खडकावर, गुडघ्यावर बसून. वेळ: सूर्य मावळण्याआधी अर्धा तास. उजेड: मागून आणि डावीकडून. उंची: तीन माणूस.

मग मी हाक मारली, "आता इकडे बघ. बारावा तुझा."

तिला खरं वाटेना. वळली. पदर डोक्यावरून थोडा मागे घेतला, कुंकवावरचा घाम पुसला. उजेड कमी झाला होता. मी स्टँडवर कॅमेरा पक्का केला, वेळ जास्त लावली. "जराही हलू नकोस," म्हटलं.

"मी कवय हालनू का?" म्हणाली. आणि हसली असावी, काचेत नीट दिसलं नाही. मी दाबलं.

उतरताना गुराख्याने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. उखर्डू आत्ता माझ्याशी बोलत नाही. सकाळी डॉक्टर.

११ जानेवारी, बुधवार

ठेवून घेतलं. हृदयाची झडप आकसलेली आहे, लहानपणी ताप आला असेल त्यातून. फुप्फुसात पाणी साठलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, गेल्या एक-दोन दिवसांत काही श्रम झाले का? उखर्डू माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, लळिंगचा किल्ला चढली. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी, शुक्रवार

जरा बरी वाटते. उशाला तीन उशा. सगळ्यांत आधी काय विचारावं? "मना फोटो कसा उना?"

अजून रोल धुतला नाही म्हटलं. घरी गेल्यावर धुतो.

"मी हासनी व्हती," म्हणाली. "उनं व्हई का हासनं?"

मी म्हटलं, आलं असणारच. मग शेठचा निरोप आठवला, महिन्यापूर्वीचा, तो सांगितला. उभ्या फार छान राहतात म्हणाले. ती लाजली. खरंच लाजली, खाटेवर, नळ्या लावलेल्या असताना. महिनाभर मी हे खिशात घेऊन हिंडत होतो.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. नर्सबाईंनी तिळगूळ दिला. अर्धा मोडून तिने माझ्या हातात ठेवला.

१६ जानेवारी, सोमवार

झुंबर गेली. सकाळी. मी चहा आणायला खाली गेलो होतो.

१९ जानेवारी, गुरुवार. पारोळा

तिचं नाव या वहीत आधी कुठे आहे का, म्हणून पानं चाळली. नाही. सगळीकडे ही, हिला, हिने.

तिरडीसाठी बांबू कापायचे होते. उखर्डूने दोरीने माप घेतलं, मग ती दोरी माझ्या दुकानातल्या पट्टीला लावली. चार फूट आठ इंच. "दाजी, चार आठ," म्हणाला, आणि मी माझ्या तोंडाने बोललो, "नाही, पाच आहे." त्याने दोरी पुन्हा लावून दाखवली.

तेव्हा, दारात ती तशी असताना, माझ्या मनात आलं की पुस्तकातल्या सगळ्या उंच्या चुकल्या. हे लिहू नये, पण आलं. मी कसला माणूस आहे?

२२ जानेवारी, रविवार

दारावर माणसं येताहेत. पाटावर दिवा आहे, मागे भिंत आहे. येणारा आधी दिव्याकडे बघतो, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. कुणी विचारत नाही, पण मला समजतं. शेवटी उखर्डूने विचारलं. "दाजी, अक्काना फोटो द्या ना. हार घालाना शे."

मी म्हटलं, देतो.

"बठ्ठा गावना फोटो काढात तुम्ही," म्हणाला. आवाज चढवला नाही. "मनी अक्काना येक तरी व्हईच ना?"

लळिंगचा रोल अजून कॅमेऱ्यातच होता. जेवणवेळ टळून गेल्यावर डार्करूममध्ये गेलो. रोल चक्रीवर तीनदा चढवावा लागला. डेव्हलपर, हायपो, पाणी. काढून उजेडात धरला. अकरा फोटो, मला माहीत होते तसेच. बारावा होता. ती होती, इकडे तोंड करून. मी रडलो. ओला रोल हातात धरून मोठ्याने रडलो, बाहेर ऐकू गेलं असेल.

वाळल्यावर एनलार्जरला लावून मोठा केला. दरवाज्याचा एक एक दगड सुरीने कापल्यासारखा स्वच्छ. दगडातली भेग दिसते, भेगेतलं गवत दिसतं. म्हणजे कॅमेरा हलला नव्हता. ती हलली होती. खांदे दोन-दोन, पदराची कड तीन ठिकाणी. चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट पांढरा गोळा, त्यात काळसर कुंकू ओढल्यासारखं.

बावीस वर्षांत मी सांगितल्यावर ती कधी हलली नाही. त्या दिवशीही नसती हलली. तो श्वास आहे. एवढा जोराचा की फोटोत उमटला. मी आठ हातांच्या अंतरावर उभा राहून काचेत बघत होतो आणि मला दिसला नाही. फिल्मला दिसला.

तरी प्रिंट करून उखर्डूला दाखवला. त्याने दोन्ही हातांत धरला, उजेडात नेला. मग परत दिला. "हाई कोन शे ते समजत नही, दाजी," म्हणाला, आणि बाहेर जाऊन बसला.

२४ जानेवारी, मंगळवार

बाकीच्या सगळ्या निगेटिव्ह काढल्या. पारोळा, थाळनेर, बलसाणे. सगळीकडे आहे, सगळीकडे पाठ. एकीत मान जराशी वळली आहे, गालाची कड दिसते. मोजली. मुगाचा दाणा नाही, मोहरीही नाही. चार तास मोठं करत बसलो. नुसते ठिपके आले. गिऱ्हाइकाला इतकी वर्षं जे सांगत आलो, ते मला कुणीतरी समोर बसून सांगावं असं वाटलं.

भिकुबाई स्वतःचं ओळखपत्र घेऊन आली होती, पिशवीत जपून ठेवलेलं. "दखा भाऊ, डोया मिटाई गयात मना," म्हणून दाखवलं. खरंच डोळे मिटलेले. उजेड वाईट, मान वाकडी. पण भिकुबाई आहे. कुणीही ओळखेल. जांभळ्या काठाचं लुगडं नेसून बसली होती ती, मी तिला उठवलं नसतं तर त्याच खुर्चीवर भिकुबाईच्या पाठोपाठ बसली असती. भुतासारखी दिसली असती. असू दे ना!

३० जानेवारी, सोमवार

तेरावं झालं. शेठ आले होते. पुस्तकाचा विषय काढला नाही. मीच उठून लळिंगची निगेटिव्ह त्यांच्या हातात दिली. का दिली ते सांगता येत नाही. उंच्या चुकल्या आहेत, एवढंही तोंडातून निघालं नाही.

१८ मार्च, शनिवार

निवडणूक आटोपल्यावर छापखाना मोकळा झाला, पुस्तक आलं. छपाई सुरेख. लळिंग मुखपृष्ठावर आहे. शेठनी लिहिलंय, लोक विचारताहेत ही जागा कुठली, दुसरी आवृत्ती काढू, आणखी काही जागा सुचवा. दुकानात तीन माणसं येऊन गेली, नुसतं कौतुक करायला. मला हवं होतं ते हेच. पत्र वाचलं, मग पुस्तकाची पानं उलटली. आठ ठिकाणी तेच वाक्य आहे. 'कमानीत उभी असलेली स्त्री उंचीचा अंदाज यावा म्हणून.'

मोठा प्रिंट करून लळिंगचाच फोटो फ्रेम केला आणि दिव्यामागे लावला. दरवाजा, आभाळ, खाली डाव्या कडेला ती. उखर्डू आला, जवळ जाऊन बघितलं, बोट ठेवलं. "हाई," म्हणाला. तेवढंच. झेंडूचा हार आणला होता, तो घातला. हार डावीकडून खाली येतो आणि नेमकी तीच झाकली जाते. वर सरकवला, पुन्हा घसरला. दोनतीनदा केलं. मग त्याने हार काढून पाटावर ठेवला.

२१ मार्च, मंगळवार

शेठचं पत्र समोर आहे. जागा सुचवा.

आज सकाळी मागच्या दारात सहज उभा होतो. आठ वाजले असतील. लिंबातून ऊन येतं आणि उंबऱ्यावर पडतं, मऊ, कुठे कडक सावली नाही. असा उजेड मला दोन महिने दोन जिल्ह्यांत हिंडून कुठे मिळाला नाही. तिथे ती रोज तांदूळ निवडायला बसायची, सूप मांडीवर, तोंड माझ्याकडे. मी चहा पीत बसलेलो असायचो. कॅमेरा खुंटीला असायचा, हाताच्या अंतरावर.

जागा: स्वयंपाकघराचं मागचं दार, आतून. वेळ: सकाळी आठ ते साडेआठ. उजेड: समोरून, सारखा. उंची: चार फूट आठ इंच.

पाठवणार नाही. पाटी उद्या उतरवतो.